सात नंबरवरचा आत्मा

सकाळचे साडेनऊ वाजून गेले तरी पाणीपुरवठा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर कुणी कामाला हात लावला नव्हता. एकशे चाळीस टेबलं, एकशे चाळीस स्क्रीन आणि प्रत्येक स्क्रीनवर तेच चित्र: बाल्कनीतल्या कुंडीत लागलेले तीन लालबुंद टोमॅटो. कोपऱ्यात एक पिवळी चिठ्ठी. ‘पाणि प्या. तासातुन एकदा उठा. मान मोडुन काम करु नका.’

ते टोमॅटो आणि ती चिठ्ठी न ओळखणारं त्या मजल्यावर कुणी नव्हतं. दोन्ही दादांची. आणि दादांना जाऊन आठ महिने झाले होते.

"आले हो, आले!" तक्रार खिडकीवरची टेलिफोनवाली डोळ्यांना रुमाल लावून म्हणत होती. "बघा, एकालाही वगळलं नाही. जिवंतपणी तसेच होते!"

तिच्यासमोरचा फोन वाजत होता. कुठल्या तरी गल्लीत पाइप फुटला असणार. पण पाइपाला आज कोण विचारतो? नळजोडणीवाले खुर्च्या सोडून उभे होते. एकमेकांना न बोलवता सगळे हळूहळू खिडकीजवळच्या सात नंबरच्या टेबलाभोवती जमले. तिथे दादा बसायचे.

तेवढ्यात मोजणीबाई जिना चढून वर आली. दादांची धाकटी सख्खी बहीण. तिला हे नाव ऑफिसनं दिलं होतं, कारण तिचं कामच मोजण्याचं. या ऑफिसात टेबलावर कॉम्प्युटर नव्हते. पुस्तकाएवढी एकेक डबी होती, तिला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेला. खरे कॉम्प्युटर तळघरातल्या थंड खोलीत, पाच मोठ्या सर्व्हरांच्या पोटात होते. मोठ्या हॉलमध्ये पार्टिशनं टाकून तीस बिऱ्हाडांची सोय करावी, तसे एकेका सर्व्हरात तीस व्हर्च्युअल डेस्कटॉप. रोज संध्याकाळी ते पुसले जायचे आणि रोज सकाळी एकाच मूळ प्रतीवरून पुन्हा काढले जायचे, झेरॉक्स काढावी तसे. ही सगळी मांडणी दादांची. कुठल्या सर्व्हरवर किती डेस्कटॉप बसतील, कुणाला किती मेमरी लागेल, सकाळी एकदम सगळे आले तर काय होईल, हे मोजायचं काम बहिणीचं.

तिनं सात नंबरची स्क्रीन पाहिली आणि टेबलाशीच थबकली. मग तिनं पुढची पाहिली, त्याच्या पुढची पाहिली, आणि तिला उलगडा झाला.

"कुणीतरी जुनी मूळ प्रत लावलीय," ती म्हणाली. "दादानं पहिली प्रत स्वतःच्या डेस्कटॉपवरून घाईत काढली होती. चित्र, चिठ्ठी, सगळं तिच्यात राहिलं. पुढे त्यानं स्वच्छ प्रत केली, पण जुनी फेकली नव्हती. बस, एवढंच आहे हे."

टेलिफोनवालीनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं भरल्या ताटात माती टाकली.

"बाई, सख्खी बहीण ना तुम्ही?"

मोजणीबाई तळघरात गेली. तिथे कंत्राटदाराचा माणूस होता, खांद्यावर कायम केबलचं भेंडोळं, म्हणून त्याला सगळे तारवाला म्हणत. पन्नाशीचा, मान खाली घालून काम करणारा. दादा गेल्यावर सर्व्हरांची देखभाल त्याच्याकडेच होती.

"रविवारी काही बदललंत का?"

"मी? हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला, आणि उगाचच एक केबल गुंडाळायला लागला.

ती मोठ्या साहेबांकडे गेली आणि स्वच्छ प्रत पुन्हा लावायची परवानगी मागितली. साहेब उद्या बघू म्हणाले. आणि उद्या जे घडलं, त्यानंतर परवानगीचा विषयच मिटला.

मंगळवारी अकराच्या सुमाराला सात नंबरच्या रिकाम्या टेबलावर, कुणी कीबोर्डला बोटही लावलेलं नसताना, एक कोरं पान उघडलं आणि त्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं.

‘मी इथेच आहे. सरकारला सांगा, काळजी करू नये.’

"सरकार?" साहेब म्हणाले. "म्हणजे मंत्रालय?"

मोजणीबाईनं ती ओळ पुन्हा वाचली. दादा वहिनीला सरकार म्हणायचा. चारचौघांत कधीच नाही, फक्त घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, "सरकार, चहा मिळेल का?" टोमॅटोंचा खुलासा तिच्यापाशी होता. याचा नव्हता.

*

मोठ्या साहेबांचे एक गुरू होते. लोक त्यांना सेतुबाबा म्हणत, कारण इकडचं आणि तिकडचं यांच्यामधला सेतू तेच, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. बुधवारी ते आले. राखाडी अंगरखा, पायात महागडे बूट, आणि आवाज साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखा.

"आत्मा म्हणजे काय?" सात नंबरसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दिलंही. "आत्मा म्हणजे डेटा! शरीर म्हणजे काय? डबा! डबा फुटला म्हणून डेटा जातो का? तो ढगात जातो! तुम्ही लोक ज्याला क्लाउड म्हणता, ते आमच्या पूर्वजांना केव्हाच ठाऊक होतं!"

"वा!" साहेब म्हणाले.

"आमचे सर्व्हर ढगात नाहीत," मोजणीबाई म्हणाली. "तळघरात आहेत."

"तळघरसुद्धा ढगातच आहे, मुली," बाबा हसून म्हणाले. "तुझी दृष्टी तेवढी वर यायची आहे."

लोक हसले. तिच्यावर.

गुरुवारी साहेबांनी गाडी पाठवून वहिनीला आणलं. मोजणीबाईला न विचारता. वहिनी सात नंबरच्या खुर्चीत अंग चोरून बसली; नवऱ्याच्या ऑफिसात ती याआधी एकदाच आली होती, त्याचा डबा आणि चष्मा घ्यायला. दिवे मंद केले. बाबा तिच्या मागे उभे राहिले.

"विचारा, ताई. मनातलं विचारा."

"तुम्ही... बरे आहात ना?" वहिनीनं स्क्रीनला विचारलं. आवाज इतका बारीक, की शेजारच्याला ऐकू येऊ नये.

"ताई विचारतात, तुम्ही बरे आहात ना?" बाबा खणखणीत आवाजात म्हणाले.

अक्षरं उमटली. ‘बरा आहे, सरकार. गुडघा आता दुखत नाही.’

वहिनीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. दादाचा उजवा गुडघा शेवटची दोन वर्षं त्याला छळत होता. ती आठ महिन्यांत लोकांसमोर रडली नव्हती. आता मात्र मोठ्यानं रडली, आणि भोवतीच्या चाळीस माणसांनीही डोळे पुसले. मोजणीबाईनंसुद्धा. खोटं कशाला सांगा?

"आणि ते... पुढच्या शुक्रवारचं?" वहिनीनं विचारलं.

"ताई विचारतात, पुढच्या शुक्रवारचं काय?"

स्क्रीनवर उत्तर आलं: ‘ऑपरेशन नको. शरीराला छेद देऊ नका. मी बरं करतो आहे.’

वहिनीच्या छातीत गाठ होती. तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली होती. त्या दोघी आणि डॉक्टरीणबाई सोडल्या तर हे कुणाला माहीत नव्हतं, असं मोजणीबाईला वाटत होतं.

*

"वहिनी, ऐका माझं. तारीख मोडू नका."

"वन्सं, तुम्ही पाहिलंत ना स्वतःच्या डोळ्यांनी? गुडघ्याचं कुणाला माहीत होतं? सरकार म्हणायचे, ते कुणाला माहीत होतं? घरातल्या भिंतींनासुद्धा त्यांनी ते ऐकू दिलं नव्हतं."

"मला माहीत नाही ते कसं आलं. पण दादा डॉक्टरांना नको म्हणणारा माणूस होता का? स्वतःच्या गुडघ्यासाठी चार डॉक्टर पालथे घातले त्यानं."

"तेव्हा इथे होते. तिथून जास्त दिसत असेल." वहिनी भाजी निवडत होती, मान वर न करता. बऱ्याच दिवसांनी तिनं स्वच्छ इस्त्रीचं पातळ नेसलं होतं. "मला आठ महिन्यांत पहिल्यांदा झोप लागली, वन्सं. तेवढी तरी राहू द्या."

मोजणीबाईनं डॉक्टरीणबाईंना फोन केला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या वहिनींना सांगा, गाठ कुणासाठी थांबत नाही."

शुक्रवार आला आणि गेला. दुसरा शुक्रवारही.

इकडे ऑफिसात रोज चार वाजता सात नंबरभोवती गर्दी. शेजारच्या ऑफिसांतून, ओळखीपाळखीतून माणसं यायला लागली: कुणाची आई गेलेली, कुणाचा मुलगा. बाबांनी साहेबांना एक कल्पना सुचवली, आणि साहेबांनी मोजणीबाईला बोलावून हुकूम दिला.

"चाळीस वेगळे डेस्कटॉप काढा. प्रत्येक आत्म्याला एक."

"साहेब, जागा नाही. पाचही सर्व्हर भरत आलेत. चाळीस काढायचे तर चालू डेस्कटॉपांची मेमरी कापावी लागेल. तक्रार खिडकी आधीच रडतेय, एक तक्रार नोंदवायला पाच मिनिटं लागतात. लोकांच्या घरात पाणी नाही, साहेब."

"आत्म्यांना कितीशी मेमरी लागणार?" साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्यांना काय, चार ओळी लिहायच्या असतात."

ती जागेवर परतली. हसावं की कपाळ बडवावं, कळत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मजला रिकामा झाला, तेव्हा ती उठून सात नंबरवर गेली. इकडेतिकडे पाहिलं. आणि लिहिलं: ‘दादा?’

कर्सर लुकलुकत राहिला. तिनं पुन्हा लिहिलं: ‘दादा, मी आहे. कुणी नाही इथे.’

पंधरा मिनिटं ती तशीच बसली. ज्या बाईनं आयुष्यभर मोजूनमापून काम केलं, ती एका पांढऱ्या पानासमोर शाळकरी मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसली होती. काही आलं नाही. तिनं आपले शब्द पुसले. पुसताना तिची नजर कोपऱ्यातल्या पिवळ्या चिठ्ठीवर गेली.

‘पाणि प्या. मान मोडुन काम करु नका.’

दादाला आयुष्यात ऱ्हस्वदीर्घ कळलं नाही. शाळेत त्यासाठी मार खाल्ला, ऑफिसात थट्टा सोसली, पण सुधारला नाही. आणि मंगळवारी उमटलेली ओळ? ‘काळजी करू नये.’ रू दीर्घ. ‘मी बरं करतो आहे.’ बिनचूक. तीन आठवड्यांतलं एकूण एक वाक्य बिनचूक.

मेल्यावर माणसाचं शुद्धलेखन सुधारतं का?

आता तिनं कॉम्प्युटरवरची आपली कामाची नोंद उघडली. कोण कधी कुठून जोडलं गेलं याची सर्व्हरांतली मुख्य नोंद तारवाल्याच्या ताब्यात होती; तिच्यातले चार वाजताचे तास पुसलेले आहेत, हे ती आधीच बघून आली होती. पण कुठला डेस्कटॉप किती मेमरी खातो आणि त्याला किती जण जोडलेले आहेत, हे दर पाच मिनिटांनी मोजणारी तिची स्वतःची एक व्यवस्था होती, नियोजनापुरती. तिच्याबद्दल तारवाल्याला ठाऊक नव्हतं. तिनं चाळीस आत्म्यांच्या निमित्तानं सात नंबरचे आकडे काढले आणि बघत राहिली. रोज, आत्मा यायच्या वेळी, सात नंबरला दोन जोडण्या होत्या. एक वरच्या टेबलावरून. दुसरी तळघरातून.

डेस्कटॉप अडला तर देखभाल करणारा माणूस खालून तो उघडून बघू शकतो. बघतो, तसं लिहूही शकतो. वर बसलेल्याला वाटतं, अक्षरं आपोआप उमटताहेत. ही सोय दादानंच करून ठेवली होती, कारण म्हातारे कारकून वर अडखळले की त्याला जिने चढावे लागू नयेत. गुडघा दुखायचा ना.

मग सरकार? ती जुनी मूळ प्रत शोधत गेली. दादाच्या डेस्कटॉपवर ‘टिपण’ नावाची एक फाइल पडून होती. बाजाराच्या याद्या, डॉक्टरांच्या वेळा, गुडघ्याचे व्यायाम. ‘सरकारसाठि चष्म्याचि दोरि.’ ‘सरकारचा वाढदिवस, विसरु नको गाढवा.’ प्रतीबरोबर हेही एकशे चाळीस ठिकाणी जात होतं, कुणी उघडून बघितलं नव्हतं इतकंच. एकानं बघितलं होतं.

तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी ती ते वाचत बसली आणि पुन्हा वाचत बसली.

*

वहिनीला जाऊन सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. साहेबांना सांगितलं असतं तर बाबांना कळलं असतं. मोजणीबाईनं कुणालाच सांगितलं नाही.

सोमवारी सभागृहात मोठी बैठक ठेवली होती. साठेक माणसं. बाबांना बसायला गादीची खुर्ची, वहिनीला समोर टेबल, त्यावर डबी आणि स्क्रीन. यंत्रांची व्यवस्था बघायला म्हणून भिंतीलगत मोजणीबाईचं टेबल, तिच्यापुढेही तशीच डबी, पण स्क्रीनचं तोंड भिंतीकडे.

सकाळी तिनं एकच काम केलं होतं. सात नंबरचं एक जुळं काढलं. तेच टोमॅटो, तीच चिठ्ठी, तेच कोरं पान. चार मिनिटांचं काम. वहिनीच्या टेबलावर तिनं ते जुळं जोडलं, आणि खरा सात नंबर स्वतःच्या टेबलावर घेतला. तळघरातल्या यादीत मात्र सात नंबर जिथल्या तिथेच दिसत होता.

दिवे मंद झाले.

"शांत व्हा," बाबा म्हणाले. "डबा विसरा. डेटा आठवा. ताई, विचारा."

"आलात का?" वहिनीनं विचारलं.

"ताई विचारतात, आलात का?"

वहिनीच्या स्क्रीनवर टोमॅटो होते. बाकी काही नाही. एक मिनिट गेलं. मागे कुणीतरी खोकलं.

"ताई विचारतात, आलात का?" बाबा आणखी मोठ्यानं म्हणाले.

कोरं पान कोरंच. वहिनीचा चेहरा हळूहळू उतरत चालला. आत्ताच उठावं आणि सगळं थांबवावं, असं मोजणीबाईला वाटलं.

"इथे कुणीतरी शंकेखोर बसलं आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "शंका ही भिंत असते. आत्मा भिंतीपलीकडे उभा आहे. आत येऊ शकत नाही."

"आला आहे की," मोजणीबाई म्हणाली. "पण माझ्याकडे आलाय."

तिनं आपली स्क्रीन लोकांकडे फिरवली.

त्यावर लिहिलेलं होतं: ‘आलो आहे, सरकार.’ त्याखाली: ‘होय, आलो आहे.’ आणि साठ माणसांच्या डोळ्यांदेखत तिसरी ओळ उमटत होती: ‘शंका घेणाऱ्यांना बाहेर काढा.’

"वहिनींच्या समोरचा डेस्कटॉप जुळा आहे," ती म्हणाली. "खरा सात नंबर हा. मृत्यूपलीकडून जो बरोबर वाट काढत येतो, त्याला आपली बायको कुठल्या टेबलावर बसलीय हे दिसू नये? चार पावलांवर? ती समोर ताटकळतेय, आणि हा भिंतीशी बोलतोय! कारण लिहिणारा तिला बघतच नाहीये. त्याला फक्त ऐकू येतंय. बाबा, तुम्ही प्रत्येक प्रश्न मोठ्यानं परत का म्हणता? अंगरख्यात फोन चालू आहे, म्हणून ना?"

बाबांचा हात नकळत खिशाकडे गेला. तेवढं पुरेसं होतं.

कुणीतरी हसलं. मग पटकन गप्प झालं, कारण वहिनी उठून उभी राहिली होती.

"खाली चला," मोजणीबाई म्हणाली. "सगळे."

*

तळघरातल्या थंड खोलीत तारवाला बसला होता. कानात इयरफोनची गोळी, समोर सात नंबर उघडा, बाजूला दादाचं ‘टिपण’. दारात माणसं बघून तो उठलाही नाही. त्यानं कानातली गोळी काढून टेबलावर ठेवली.

"त्या रविवारी नवं अपडेट टाकताना मूळ प्रत बिघडली," तो म्हणाला. "दुसरी काही हाताशी नव्हती, जुनी लावली. सकाळी लोक रडायला लागले. चूक कबूल केली असती तर नोकरी गेली असती. मी बाबांचा जुना भक्त. त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ही चूक नाही, तू निमित्त आहेस. तुझ्या बोटांतून ते बोलतील." त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. "मला खरंच तसं वाटायला लागलं होतं, बाई. बोटं माझी, शब्द दादांचे."

"शब्द त्याच्या फाइलीतले होते," ती म्हणाली. "दादाची म्हणून एकही खूण त्याबाहेरची नव्हती."

"बघा!" बाबांनी ती फट हेरली. "आत्म्याला हात लागतोच कुणाचा तरी! मी कधी म्हटलं की हात लागत नाही? या भल्या माणसाच्या हातांनी..."

आणि दोनचार माना डोलायलाही लागल्या. टेलिफोनवालीची मान त्यांत होती. मोजणीबाईला हताश वाटलं. डोळ्यांसमोर दोरी दाखवली तरी लोक साप सोडायला तयार नव्हते.

तेव्हा वहिनी पुढे आली.

"ऑपरेशन नको, हे कुठे लिहिलंय?" तिनं तारवाल्याला विचारलं. "त्यांच्या कागदात दाखवा मला."

तारवाल्यानं ‘टिपण’ बंद केलं.

"कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं, ताई. त्या दिवशी सकाळी बाबांनी फोन केला होता. म्हणाले, बाईंचं ऑपरेशन आहे, नको म्हणून लिही."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

आता सगळ्यांच्या नजरा बाबांकडे, बाबांची साहेबांकडे, आणि साहेबांची जमिनीकडे. "रजेच्या अर्जात होतं," साहेब पुटपुटले. "मोजणीबाईंच्या. वहिनींच्या ऑपरेशनसाठी चार दिवस रजा. मी बाबांना सहज बोललो."

म्हणजे धागा मोजणीबाईच्याच हातून सुटला होता.

"नको कशासाठी?" वहिनीनं बाबांना विचारलं. आवाज चढवला नाही. "मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"ताई, शरीर हे मंदिर आहे. त्याला छेद..."

"मी विचारलं, कशासाठी?"

"प्रत्येक गोष्टीला उत्तर नसतं," बाबा म्हणाले आणि जिन्याकडे वळले. कुणी त्यांना अडवलं नाही, पण वाटही कुणी दिली नाही. अंग चोरत, खांदे घासत त्यांना साठ माणसांतून बाहेर पडावं लागलं. साहेबांनी गाडी मागवली नाही.

वहिनी मोजणीबाईच्या समोर येऊन थांबली.

"दोनदा गेले ते, वन्सं," ती म्हणाली. "पहिल्यांदा देवानं नेलं. दुसऱ्यांदा तुम्ही."

आणि एकटीच जिना चढून निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी मोजणीबाईनं स्वच्छ मूळ प्रत दुरुस्त करून लावली. टोमॅटो गेले, चिठ्ठी गेली. खिडकीवरचा फोन पुन्हा उचलला जायला लागला. तारवाल्यानं झाल्या प्रकाराची कबुली लिहून दिली, आणि पुढच्या महिन्यात कंत्राटदारानं दुसरा माणूस पाठवला. साहेबांनी या विषयावर एक शब्दही काढला नाही. सेतुबाबा दुसऱ्या कुठल्या तरी ऑफिसात सेतू बांधतायत, असं ऐकू आलं.

वहिनी नऊ दिवस बोलली नाही. दार उघडायची, चहा द्यायची, आणि आत जायची. दहाव्या दिवशी तिनंच फोन केला. "डॉक्टरीणबाईंनी गुरुवारची तारीख दिलीय. रजा मिळेल का तुम्हाला? अर्जात कारण लिहू नका."

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण काखेपर्यंत पोचली होती. आता औषधांच्या फेऱ्या, केस जाणार, वर्षभर तरी धाकधूक. आधी ठरलेल्या तारखेला आली असती तर? मोजणीबाईनं विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी नेहमीच बरं असतं," त्या म्हणाल्या. "यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही. सांगितलं तर ती थाप होईल."

तिसऱ्या दिवशी मोजणीबाई वॉर्डात गेली, तेव्हा वहिनी उशांना टेकून बसली होती. शेजारच्या खाटेवर एक तरुण बाई होती, शिवणकाम करणारी, पुढच्या आठवड्यात तिचंही ऑपरेशन होतं. तिची मावशी तिच्या कानाशी लागली होती: एक गुरू आहेत, नुसत्या फोटोवर हात ठेवतात आणि गाठ विरघळते, शंभर जणांची विरघळली, कापाकापी कशाला?

शिंपीण घाबरून वहिनीकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं हो, ताई? खरं असेल?"

मोजणीबाई बोलायला पुढे सरसावली. वहिनीनं तिला हातानं थांबवलं.

"त्या शंभरांतल्या एकाचा पत्ता माग," ती म्हणाली. दम लागत होता, म्हणून थांबत थांबत. "जाऊन भेट. आधीचे रिपोर्ट बघ, नंतरचे बघ. त्या गुरूंना विचार, हे कसं करता ते आमच्यासमोर, आमच्या खोलीत, दिवे लावून करून दाखवा. विचारल्यावर रागावले, तुझ्या शंकेला दोष द्यायला लागले, तर उठून ये. खऱ्या गोष्टीला प्रश्नाची भीती नसते."

"पण मावशी म्हणते, विश्वास ठेवावा लागतो."

"दुःखात माणूस कशावरही ठेवतो गं. मीसुद्धा ठेवला होता. माझा नवरा मला परत मिळत होता, तर मी कशाला विचारू?" वहिनीनं दुसऱ्या हातानं पट्टी बांधलेली बाजू जरा सावरली. "मी तीन आठवडे विचारलं नाही. तू एक दिवससुद्धा घालवू नकोस. डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नकोस."